दोन जावयांचे फोन आणि एक वाघ

आमच्या घरात मुली तीन आणि जावई दोन. मधली मुलगी मी. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझ्या वाटणीचा जावई नाही, आणि माझ्या फोनची काच तीन वर्षांपासून फुटलेली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मी समजत होते. मंडईच्या त्या चार दिवसांनी माझा तो समज पार धुऊन काढला.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. चार पाळणे, जिलेबीची दुकानं, रात्रभर चालणारं नाटक, आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे पाहुणे. मंडईला लेक-जावई आले नाहीत तर गाव लगेच विचारतं, काय बिनसलं. मी हेमलकशाच्याही पलीकडे एका उपकेंद्रात नर्स आहे. तिथून पोंभुर्ण्याच्या आतल्या आमच्या गावी यायचं म्हणजे दिवस जातो, पण मंडईची सुट्टी मी चुकवत नाही. मला नाटकाची हौस नाही. मला माझ्या बाबांना जावयांचा मान सांभाळताना पाहायची हौस आहे.

ते पाहण्यासारखंच असतं. थोरल्या जावयाला जे मिळेल ते धाकट्याला मिळालंच पाहिजे, आणि तेवढंच. टॉवेल एकाच रंगाचे. मटणाच्या वाटीतले तुकडे बाबा स्वतः चुलीपाशी बसून मोजतात. घरात हातांच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्या जावयांच्या. एका वर्षी एका खुर्चीचा डावा हात तुटला. बाबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी करवत आणून दुसऱ्या खुर्चीचाही डावा हात कापला. तेव्हापासून आमचे दोन्ही जावई उजवीकडे कलून बसतात, आणि अजून कोणाची तक्रार आलेली नाही.

त्या वर्षी दोघेही नवे फोन घेऊन आले. थोरले भाऊजी घुग्घुसकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवतात. त्यांनी फोन तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणला होता, कारण तिकडची धूळ कुठेही शिरते. धाकटे गडचिरोलीत सेतू केंद्र चालवतात. त्यांचा फोन उघडाच होता, कव्हर घातलं की त्याचं रूप झाकतं म्हणे. एक फोन एका बड्या कंपनीचा, त्या वर्षीचा सगळ्यात वरचा. दुसरा तिच्या सवतीचा, तोही सगळ्यात वरचा. कंपन्यांची नावं मी लिहीत नाही, कारण बाबांना ती शेवटपर्यंत उच्चारता आली नाहीत. ते एकाला ‘मोठ्याचा’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘लहान्याचा’.

पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर अंगणात दोन्ही फोन एका पाटावर ठेवले गेले आणि तुलना सुरू झाली. निकाल द्यायचा बाबांनी. त्यांच्या स्वतःच्या फोनला बटणं आहेत आणि त्यातली पाच व सात चालत नाहीत. पण हा माणूस पंचवीस वर्षं दोन जावयांत डावं-उजवं न करता जगला आहे, त्यामुळे त्यांच्याइतका तयार पंच दुसरा नव्हता.

आधी आवाजाची परीक्षा झाली. आमच्या गावात फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते. म्हणून दोघे पाळीच्या दोन टोकांना जाऊन एकमेकांना फोन लावून बोलले. इतक्या मोठ्याने बोलले की फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. बाबा म्हणाले, दोन्ही बेस. मग पाण्याची परीक्षा झाली. दोन्ही फोन बादलीत बुडवले, घड्याळ लावून बाहेर काढले आणि एकाच रंगाच्या टॉवेलांनी पुसले. दोन्ही जिवंत. मग कोणीतरी म्हणालं, बोट ठेवलं की उघडतो म्हणतात, आईचं बोट घालून बघू.

आईला ओट्यावरून बोलावलं. ती डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून आली. आमची आई जावयांशी थेट बोलत नाही. काही सांगायचं असेल तर माझ्याकडे किंवा भिंतीकडे बघून सांगते, आणि जावयांनी ते आपोआप ऐकायचं असतं. तिने उजव्या हाताचं बोट थोरल्यांच्या फोनवर ठेवलं. फोन म्हणाला, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवलं. मग डावं ठेवलं. मग धाकट्यांच्या फोनवर ठेवलं. दहा दिवस विळा धरून धान कापलेल्या बोटावर रेघच उरली नव्हती, फोन तरी काय वाचणार. दोन्ही फोनांनी आईला सारखंच नाकारलं. बाबांना फार आनंद झाला, कारण पुन्हा बरोबरी झाली होती. मला मात्र राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून मी पाट उचलून आत नेला.

त्या धानाविषयी सांगायला हवं. आमची बांधी एकच, गावापासून अर्ध्या कोसावर, जंगलाला अगदी चिकटून. वर्षाचा तांदूळ त्याच बांधीतून येतो. त्या वर्षी कापणीला माणसं मिळाली नव्हती, बाबांची कंबर गेलेली, त्यामुळे जवळजवळ सगळं धान आईने एकटीने कापलं होतं. तिचा एक गुडघा दुखरा आहे, ती तो पाय मागे टाकून बसते आणि तशीच सरकत सरकत कापत जाते. कापलेल्या धानाच्या कडपा सुकायला बांधीत पसरल्या होत्या. थोडं बांधून झालं होतं आणि मधोमध त्याचं एक पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची रास, लागलं होतं. बाकी सगळं जमिनीवर. वरून दोन तास पाऊस झाला असता तर कडपा भिजून धानाला कोंब फुटले असते आणि वर्षभर काय खायचं हा प्रश्न पडला असता. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ढग आले.

आई उठल्यापासून म्हणत होती की आज सगळे मिळून बांधू आणि घरी आणू. सगळे हो म्हणाले. जावईसुद्धा तयार झाले. फक्त निघण्याआधी कॅमेऱ्याची परीक्षा तेवढी राहिली होती.

परीक्षा पाळीवर झाली. दोन्ही फोनांची मुख्य बढाई हीच होती की लांबचं जवळ दिसतं. तिथून आमची बांधी म्हणजे जंगलाच्या काळ्या रेघेखाली एक पिवळा पट्टा, आणि त्या पट्ट्यात एक ठिपका. थोरल्या भाऊजींनी फोन वर धरला, बोटांनी चित्र ताणत ताणत नेलं. मग त्यांनी फोन बाबांपुढे धरला. मी बाबांच्या खांद्यावरून पाहिलं. बांधीत वाघ बसला होता. चेहऱ्याची एक बाजू, एक डोळा, गालावरचे पट्टे, मिशीसुद्धा.

आमच्याकडे वाघ हा थट्टेचा विषय नाही. कापणीच्या दिवसांत वाकलेलं माणूस लांबून जनावरासारखं दिसतं आणि वाघाची चूक होते, असं म्हणतात. मी नर्स आहे. त्या चुकीनंतरचं माणूस मी पाहिलं आहे.

तेवढ्यात धाकट्यांनी त्यांच्या फोनवर तेच ताणून दाखवलं. तीच बांधी, तोच ठिपका, आणि तिथे स्वच्छ सोनेरी धानाचं पुंजणं. काडी अन् काडी वेगळी मोजून घ्यावी इतकं स्पष्ट. वाघ कुठेच नव्हता.

दोघांनी पुन्हा काढून पाहिलं. थोरल्यांच्या फोनात वाघ, धाकट्यांच्या फोनात पुंजणं. जागा बदलून पाहिली, हात बदलून पाहिले. थोरल्यांनी फोनलाच विचारलं की हे काय आहे. फोन आतून बाईच्या आवाजात म्हणाला की हा वाघ आहे, प्रौढ आणि निरोगी दिसतो. धाकट्यांच्या फोनला विचारलं तर तो म्हणाला, ही कापणी केलेल्या धानाची रास आहे, आणि अशा राशीसमोर उभं राहून छान फोटो कसा काढावा याच्या चार सूचनाही त्याने न विचारता दिल्या.

आता साध्या माणसांच्या गावात काय झालं असतं? कोणीतरी म्हणालं असतं, एक फोन खोटा बोलतो आहे. आमच्या घरात ते म्हणता येत नव्हतं. वाघ आहे म्हटलं तर धाकट्या जावयाचा फोन फालतू ठरतो. नाही म्हटलं तर थोरल्याचा, आणि थोरले तर त्यात घरातले पहिले जावई. बाबांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जी कळा पाहिली ती फक्त तुटक्या खुर्चीच्या रात्री पाहिली होती.

बातमी गावात गेली. पोलीस पाटील आले. वय सत्तरीचं, चष्मा जाड, आणि गावात काहीही झालं की वर कळवायचं काम त्यांचं. त्यांनी दोन्ही फोन बराच वेळ आलटून पालटून पाहिले. मग त्यांनी पहिला फोटो वनरक्षकाला पाठवला. उत्तर लगेच आलं, कोणीही जवळ जाऊ नका, मी दुसऱ्या गावात आहे, दुपारनंतर पोचतो. मग मान सांभाळायचा म्हणून दुसराही फोटो पाठवला. त्यावर वनरक्षकाने विचारलं की हे दोन्ही फोटो एकाच जागेचे आहेत का. पाटलांनी कळवलं, जागा एकच आहे, जावई दोन आहेत. त्यावर तिकडून आलं, मग मला यायला संध्याकाळ होईल.

पाळीवर पन्नास-साठ माणसं जमली. मंडईतला जिलेबीवाला कढई तशीच ठेवून आला. गावाचे दोन तट पडले, पण तेही जावयांच्या मानाने. माझ्या फुटक्या काचेच्या फोनला कोणी विचारलं नाही, त्याच्यामागे जावई नव्हता. थोरल्यांकडचे म्हणत, वाघ केव्हाचा हलला नाही, म्हणजे दबा धरून आहे. धाकट्यांकडचे म्हणत, केव्हाचा हलला नाही, म्हणजे धान आहे. एकच पुरावा दोघांना पुरत होता. साध्या डोळ्यांनी बघायचं कोणाच्या मनात येत नव्हतं. बघितलं तरी ठिपकाच दिसत होता, आणि ठिपक्याला कोण विचारतो.

आई पाळीच्या खाली उभी होती. ती मला दोनदा हळूच म्हणाली, “पुंजणंच व्हय थे.” मी म्हटलं, तुला इथून काय दिसतं. मग ती म्हणाली की बकरी सुटली आहे, बघून येते. मी तिला अडवलं. थोड्या वेळाने म्हणाली, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, थोडी भाजी खुडून आणते. पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा ती काही न बोलता चालूच लागली, तेव्हा मी धावत जाऊन तिचा दंड धरला आणि सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले. तुला मरायचं आहे का, असं काहीतरी बोलले. मला नेमके शब्द आठवत नाहीत, पण ती माझ्याकडे बघत होती ते आठवतं. वर ढग काळे होत चालले होते.

दुपार चढली तसा बाबांनी आणि पाटलांनी मिळून तोडगा काढला. बांधीचे दोन भाग मानायचे. जंगलाकडच्या अर्ध्या भागात थोरल्या जावयांच्या फोनप्रमाणे वाघ आहे असं धरायचं आणि तिकडचं धान आज आणायचं नाही. गावाकडच्या अर्ध्या भागात धाकट्या जावयांच्या फोनप्रमाणे वाघ नाही, तिकडचं बिनधास्त बांधायचं. पाळीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढा सरळ न्याय फार दिवसांत झाला नव्हता. फक्त ठिपका बरोबर मध्ये होता, त्यामुळे वाघाचं तोंड कोणत्या अर्ध्यात आणि शेपूट कोणत्या अर्ध्यात यावर अर्धा तास गेला.

मग गावाकडच्या अर्ध्यात जायचं कोणी, हा प्रश्न निघाला. धाकट्या जावयांनी जावं असं ठरत होतं, कारण त्यांच्या फोनात वाघ नव्हता. पण ते गेले असते तर थोरल्यांना उघड खोटं पाडल्यासारखं झालं असतं. गेले नसते तर स्वतःच्याच फोनवर त्यांचा विश्वास नाही असा अर्थ निघाला असता. शेवटी ते पहिल्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बरोबर अर्ध्या वाटेपर्यंत, गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. दोन्ही बाजूंचं समाधान झालं. त्यांनी येताना तिथून आणखी एक फोटो काढून आणला होता. त्यात पुंजणं आणखी सुंदर दिसत होतं.

वारा सुटला. पाळीवरची जिलेबीची पुडकी उडाली. दक्षिणेकडून पाण्याचा वास आला आणि मला पहिल्यांदा खरोखर कळलं की हे धान आता जाणार. आईने दहा दिवस पाय मागे टाकून कापलेलं धान दोन फोनांच्या मध्ये सापडून सडणार होतं आणि आम्ही सगळी शहाणी माणसं तिथे उभं राहून मान सांभाळत होतो. मी तोंड उघडणार होते. पण माझ्याआधी आई पाळीवर चढली.

ती सरळ दोन्ही जावयांच्या समोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघावं तर तिथे भिंत नव्हती. पदर पुढे ओढला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली.

“जवाईबापू, तुमच्या फोनात वाघ हाय. त्याइच्या फोनात नाई. माह्या बांधीत धान हाय.”

एवढं बोलून ती उतरली आणि बांधीच्या दिशेने चालायला लागली. दुखरा पाय ओढत, पण भरभर. सासू एकटी वाघाकडे चालली आणि जावई पाळीवर उभे, हे तर दोन्ही फोनांपेक्षा मोठं संकट होतं. दोघेही धावले. त्यामागे बाबा कंबर धरून, पाटील काठी घेऊन, मी, माझ्या दोघी बहिणी आणि बाकीचं गाव. कोणी थाळी वाजवत होतं, कोणी हाळ्या देत होतं. धुरा एक वीत रुंद. त्यावर पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलं नव्हतं, म्हणून दोन्ही जावई धुऱ्याच्या दोन बाजूंनी धसकटांतून एका रेषेत चालले. धुरा मात्र पूर्ण रिकामा राहिला.

आम्ही पन्नास पावलांवर पोचलो आणि सगळे जागच्या जागी थांबलो. आता फोनची गरज नव्हती. साध्या डोळ्यांना दिसत होतं, बांधीत वाघाचं तोंड होतं. एक डोळा, पट्टे, मिशी. थाळ्या बंद झाल्या. पाटील हळूहळू मागे मागे चालायला लागले. थोरले भाऊजी पुटपुटले, “म्हनत होतो ना मी.” त्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. धाकट्यांनी त्यांचा हात घट्ट धरला होता.

आई थांबलीच नाही. मी तिला हाक मारली. ती वाघापर्यंत गेली, वाकली, त्याचा कान धरला आणि ओढला. वाघ सरकला. तो सबंध खाली आला, आणि त्याच्या मागे कोरडं सोनेरी पुंजणं उभं होतं, अगदी धाकट्यांच्या फोनात होतं तसं.

ते पांघरूण होतं. बाजारात मिळतात तशी जाड, मऊ, लोकरीसारखी ब्लँकेटं असतात ना, ज्यांवर भलामोठा वाघ छापलेला असतो, तसलं. आदल्या संध्याकाळी वारा फिरलेला बघून आईने ते पुंजण्यावर टाकलं होतं, कारण ताडपत्री मंडईच्या पाहुण्यांच्या मांडवाला लागली होती. एक बाजू वाऱ्याने खाली आली होती आणि वाघाचं अर्धं तोंड गावाकडे झालं होतं. म्हणजे दोन्ही फोन खरे होते. लांबचा ठिपका पुसट असला की हे फोन उरलेलं चित्र अंदाजाने भरतात म्हणे; एकाने पांघरूण भरलं, दुसऱ्याने त्याच्याखालचं धान. बाबांच्या तोंडून एक सुटकेचा सुस्कारा निघाला. त्यांना अजूनही बरोबरीचीच काळजी होती.

पण मग कोणी हसलं नाही, कारण थोरले भाऊजी त्या पांघरुणाकडे बघत होते. मीही बघितलं आणि मला आठवलं. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्यांनीच ते आईसाठी आणलं होतं. घुग्घुसहून, मोटारसायकलवर मागे बांधून. दर वर्षी ते माझ्या बहिणीकडून विचारायचे, आईला ऊब आहे ना पांघरुणाची. आणि दर वर्षी आई भिंतीकडे बघून सांगायची, लई ऊब हाय.

तेव्हा मला दुपारभराचं सगळं कळलं. ती बकरी, ती भाजी. आईला सकाळपासून माहीत होतं तिथे काय आहे. एका वाक्यात सगळा घोळ मिटला असता. पण ते वाक्य म्हणजे, जवाईबापू, तुम्ही दिलेलं पांघरूण मी शेतात टाकलं, असं होतं. ते सांगण्यापेक्षा तिने धान जाऊ दिलं असतं, आणि जवळजवळ जाऊ दिलंच होतं. कोणी बघायच्या आत एकटीने जाऊन ते काढून आणावं, एवढीच तिची धडपड होती. आणि मी तिचा दंड धरून तिच्यावर ओरडले होते. मला इतकी लाज वाटली की मी खाली बसून कडपा गोळा करायला लागले.

भाऊजी पांघरुणाजवळ गेले. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. घड्या अजून ताज्या होत्या. तीन वर्षं ते पेटीतच होतं.

“आई, तुमी हे एकदा बी नाई घेतलं आंगावर?”

आईने पदर पुढे ओढला नाही. हातातला भारा खाली ठेवला.

“नाई, बापू. घरात याच्याएवढी उबेची चीज दुसरी नोती. म्हून धानाले देली.”

पहिले थेंब पडले. त्यानंतर कोणी काही ठरवलं नाही, फोन कुठे आहेत हेही कोणाला माहीत नव्हतं. सगळं गाव बांधीत उतरलं आणि ज्याच्या हाताला जे आलं ते बांधायला लागलं. पाटील भारे उचलत होते. जिलेबीवाला धाकट्यांसोबत कडपा ओढत होता. जंगलाकडच्या कोपऱ्यातलं थोडं धान भिजलंच. बाकीचं पुंजण्यावर रचलं गेलं, पुंजणं उंच झालं, आणि थोरले भाऊजी चिखलाच्या पायांनी वर चढून पांघरूण पसरवायला लागले.

आई खालून म्हणाली, राहू द्या, ओलं होईल. भाऊजी म्हणाले, होऊ द्या, तुमाले दुसरं आनतो. आई भारा देता देता थांबली. ती त्यांच्याकडे सरळ वर बघत होती, आणि तिच्या तोंडावर पाऊस पडत होता.

“दुसरं आनसान, त थे बी इथीच येईन.”

भाऊजींनी क्षणभर विचार केला. मग ‘हो’ म्हणाले, खाली उतरले आणि वाघाचा कान एका मोठ्या ढेकळाखाली नीट दाबून ठेवला.